जंजिऱ्याची गोष्ट मी कशी सांगायचो

जंजिरा बघून आलो म्हटलं की लोक पहिल्यांदा तोफेचं विचारतात. मोठी तोफ बघितली का? बघितली. ती भर उन्हातही तापत नाही म्हणतात. मी हात लावला तेव्हा चांगली तापलेली होती. मग विचारतात, चहूकडे खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याचं तळं आहे, ते बघितलं का? तेही बघितलं. पाणी हिरवं झालं आहे आणि कडेला बाटल्या तरंगतात. आणि मासे? मासे उत्तम होते, पण पहिल्याच दिवशीचे. दुसऱ्या दिवशी काय खाल्लं ते मला आठवत नाही.

मी नगरचा. पण नोकरीची पहिली सात वर्षं मी मुरूड तालुक्यात एका गावी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. बदली मिळाल्यावर घाट चढलो तो सव्वीस वर्षं परत उतरलो नाही. निवृत्त झाल्यावर बायको म्हणाली, "लग्नाआधी तुम्ही जिथं राहिलात, तो समुद्र मला एकदा दाखवा." मुलगी मुंबईत असते. चार दिवस तिच्याकडे काढून आम्ही दोघं निघालो.

मांडवा ते मुरूड

गेटवेला बोटीत बसलो. बायकोनं आयुष्यात एवढं पाणी एकत्र बघितलं नव्हतं. आमच्याकडे टँकर आला की पाणी आलं म्हणतात. ती कठडा घट्ट धरून बसली आणि मांडव्याच्या धक्क्यावर पाय ठेवल्यावरच म्हणाली, "आता बोला."

मांडव्याहून अलिबाग, अलिबागहून एसटीनं रेवदंडा, काशीद, मुरूड. रस्ता तोच, पण माझ्या वेळी बसच्या उजव्या खिडकीतून समुद्र सोबतीला असायचा. आता मैल मैल भिंतीच दिसतात. भिंतीवर काचा, काचांवर तारा, आत कुणाचे तरी बंगले. आमच्याकडे माणूस शेताला बांध घालतो. इथे समुद्रालाच कंपाउंड घातलं आहे. काशीदला जिथे एक म्हातारी शहाळी घेऊन बसायची, तिथे आता पाण्यावर पळणाऱ्या स्कूटरी आणि त्यांची घरघर. मी बायकोला प्रत्येक वळणावर "इथे अमुक होतं" असं सांगत होतो आणि तिथे दरवेळी तमुकच होतं. शेवटी तिनं विचारलं, "नक्की हाच रस्ता ना?"

मुरूडला इक्बालभाईंच्या घरी उतरलो. खाली ते राहतात, वर पाहुण्यांच्या तीन खोल्या. साठीचे गृहस्थ, दोन्ही मुलं आखातात नोकरीला. जेवायला तिसऱ्यांचं कालवण, तळलेली सुरमई आणि तांदळाची भाकरी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकरी हातात घेतली की रुमाल धरल्यासारखं वाटतं. पण त्या कालवणात बुडवली की रुमाल विसरायला होतं. बायकोनं शिंपल्याकडे आधी संशयानं पाहिलं, मग चार वेळा वाढून घेतलं.

जेवण झाल्यावर इक्बालभाई गॅलरीत येऊन बसले आणि त्यांच्या आजीबद्दल बोलायला लागले. आजी किल्ल्यात जन्मलेली. किल्ल्यात म्हणजे किल्ल्यातल्या गावात. बाहेरच्या माणसाला वाटतं की जंजिरा म्हणजे तट आणि तोफा, पण आत अख्खं गाव नांदत होतं. मोहल्ले होते, बाजार होता, मशीद होती, लग्नं व्हायची, वरात होडीतून यायची. संस्थानं गेली, किल्ल्यातलं काम संपलं, आणि एकेक घर उठून काठावर आलं. "जाताना लोकांनी घराचे दरवाजेसुद्धा काढून नेले," इक्बालभाई म्हणाले. "हा समोरचा दरवाजा तिथलाच आहे. दादी रोज त्याला तेल लावायची."

मी मास्तर. माहिती असताना गप्प बसणं मला जमत नाही. मी म्हणालो, "पण मूळ किल्ला कोळ्यांचा, बरं का." आणि तो त्यांच्या हातून कसा गेला, ही माझी गोष्ट मी सांगायला सुरुवात केली. बायको शेजारी कौतुकानं बसलेली. ही गोष्ट तिनं आमच्या घरी, लग्नाकार्यात, मुलांच्या वाढदिवसाला निदान पन्नास वेळा ऐकली आहे, तरी ती योग्य जागी हसते.

इक्बालभाई हसले नाहीत. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ही गोष्ट आमच्या घरात सांगत नाहीत, गुरुजी."

"का? यात जिंकले तर तुमचेच."

"राजपुरीच्या कोळ्यांबरोबर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या एका होडीत बसतो. होडीत बसणाऱ्यानं अशी गोष्ट सांगू नये." एवढं बोलून ते सकाळच्या नाश्त्याचं विचारायला लागले.

मला त्यांचं बोलणं लागलं नाही. भला माणूस आहे, एवढंच वाटलं.

राजपुरी

सकाळी राजपुरीच्या धक्क्यावर गेलो. किल्ल्याकडे शिडाच्या होड्या जातात. वारा भरला की शीड पोटुशी बाईसारखं फुगतं आणि होडी आवाज न करता सरकते. किल्ला जवळ येतो, पण दरवाजा दिसत नाही. नुसता काळा तट, एका बुरुजामागे दुसरा. अगदी भिंतीला टेकण्याची वेळ आली की दोन बुरुजांच्या मध्ये दार उघडं दिसतं. हे मी बायकोला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तिच्याआधी मीच "बघ, बघ" म्हणून ओरडलो.

दरवाज्याशी होडी हलत असते आणि पायरीवर नेमक्या वेळी पाऊल टाकावं लागतं. बायकोनं पाऊल टाकलं, पण चप्पल मागे राहिली आणि सरळ पाण्यात गेली. ती एका पायावर उभी. मागच्या माणसांचा खोळंबा. तेवढ्यात पायरीवर उभी असलेली एक बाई पुढे झाली, बांबूची काठी खाली घातली आणि चप्पल अलगद उचलून तिच्या पायाशी ठेवली.

"घाला, ताई. दर्या चपला ठेवून घेत नाय. माणसं घेतो."

चाळिशीची असेल. नऊवारी नव्हे, साधी साडी, वरून पुरुषी शर्ट, गळ्यात ओळखपत्र. किल्ला दाखवणारी गाईड. तिनं बायकोकडे बघून हसून घेतलं, मग माझ्याकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं. मग टाळ्या वाजवून म्हणाली, "चला मंडळी, माझ्या मागं. वेळ थोडा हाय."

किल्ल्यात

आम्ही वीसएक जण होतो. पुण्याची दोन कुटुंबं, कुठल्या तरी कंपनीतली तरुण मुलं, आणि आम्ही. तिनं दरवाज्यावरचा हत्ती पंज्यात धरलेला वाघ दाखवला, तोफा दाखवल्या, आणि मग एका पडक्या भिंतीच्या सावलीत सगळ्यांना बसवलं.

"आता ह्या किल्ल्याचा जन्म ऐका. हा किल्ला पहिल्यांदा दगडाचा नव्हता. लाकडाचा होता."

 माझं पहिलं वाक्य हेच असायचं.

तिनं सांगितलं, राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी हा खडक. काठावर कोळ्यांची वस्ती. समुद्री चाचे यायचे, लुटून जायचे. तेव्हा कोळ्यांच्या पाटलानं ठरवलं की रडत बसायचं नाही. लाकडाचे मोठमोठे ओंडके खडकावर रोवले, एकाला एक लावून कुंपण केलं. त्याला म्हणायचे मेढेकोट. चाचे आले की बायकापोरं होडीत घालून इकडे. पाटील पुढे शिरजोर झाला. निजामशाहीच्या ठाणेदारालाही जुमानेना. मग तिकडून एक सरदार निघाला. लढून मेढेकोट मिळणार नाही हे त्याला कळलं. त्यानं व्यापाऱ्याचं सोंग घेतलं. गलबतं किनाऱ्याला लावली, पाटलाकडे निरोप धाडला की वाटेत आहोत, एक दिवसाचा आसरा द्या. आणि निरोपाबरोबर काय धाडलं?

ती थांबली. नेमकी जिथे मी थांबायचो तिथे.

"दारूचं पिंप!"

कंपनीतली मुलं सरसावून बसली. ती उठली. खांदा पाडला, डोळे अर्धे मिटले आणि झोकांड्या खात त्या सावलीत चालायला लागली. "पाटील पितोय, पोरं पितायत, पहारेकरी पितायत. एक विचारतो, आरं, माझा किल्ला कुठं गेला? दुसरा म्हणतो, उठ की बाबा, त्याच्यावरच बसलायस!"

लोक खो खो हसले.

"आणि मग पाटील म्हणाला, गलबतावरची बाकीची पिंपं पण आत आणा, उघडा. उघडली. पण त्या पिंपात दारू नव्हती, मंडळी. त्या पिंपात माणसं होती!" तिनं हाताची तलवार केली आणि हवेत फिरवली. "एका घोटात किल्ला गेला."

'एका घोटात किल्ला गेला' हे वाक्य कुठल्या पुस्तकात नाही. ते मी केलेलं आहे. पंचविशीत, शाळेच्या व्हरांड्यात, आरशासमोर केल्यासारखं घोटून घोटून. ती झोकांडी माझी, ते थांबणं माझं.

शेजारून बायको आनंदानं ओरडली, "अहो, ही तर तुमचीच गोष्ट!"

सगळे वळून बघायला लागले. गाईडबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाली, "गुरुजींचीच हाय. शब्दाला शब्द. मी पायरीवरच वळखलं व्हतं."

मग लोकांना तोफेकडे पाठवून ती तळ्याच्या पायरीवर येऊन बसली. आम्हीही बसलो. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला नाव आठवत नव्हतं. ते तिनंच सांगितलं. "सुरेखा. सहावीत व्हते. कोळीवाड्यातनं आम्ही तिघीच यायचो तुमच्या शाळेत."

नाव ऐकल्याबरोबर मला सगळं आठवलं. खरं तर मी ते कधी विसरलो नव्हतो. नुसता त्याच्या बाजूनं जात होतो.

शाळेची सहल होती. मी चाळीस मुलं घेऊन याच किल्ल्यात आलो होतो, बहुतेक मुलं आतल्या भातशेतीच्या गावांतली. मुलांना बसवून मी गोष्ट रंगवली. झोकांडी खाल्ली. मुलं हसून हसून लोळली. तेव्हा एक काळीसावळी मुलगी हात वर करून उभी राहिली आणि तिनं विचारलं, "गुरुजी, कोळी दारू प्यायले हे कशावरनं?"

प्रश्न बरोबर होता. मला उत्तर माहीत नव्हतं. ही सांगोवांगीची गोष्ट, कित्येक पिढ्यांनंतर कुणीतरी लिहून ठेवलेली, आणि तीही जिंकलेल्या बाजूच्या तोंडून आलेली असणार. दहा तऱ्हांनी सांगतात. एवढं खरं सांगितलं असतं तर ती मुलगी खाली बसली असती आणि कदाचित पुढे शिकली असती. पण चाळीस मुलं हसत होती आणि मला ते हसणं मोडायचं नव्हतं. मी म्हणालो, "पुरावा पाहिजे? तुझ्या बापाकडं बघ."

तिचा बाप हिराजी आमच्या होडीवर तांडेल होता. सुकाणू त्याच्याच हातात. तो प्यायचा, हे गावाला ठाऊक होतं. मुलांना उतरवून तो आमच्या मागोमाग आत आला होता आणि भिंतीला टेकून उभा होता. त्यानं ऐकलं. मी त्याला ऐकताना पाहिलं. परतीच्या वेळी त्यानं एकेका मुलाचा दंड धरून होडीत घेतलं. मलाही हात दिला. मी तो धरला.

त्यानंतर आठवडाभरातच सुरेखा शाळेत यायची थांबली. मी हजेरीपटावर काही दिवस खाडे मांडले आणि नाव कमी केलं. पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

"मला कुणी काढलं नाय शाळेतनं," तळ्याकडे बघत सुरेखा म्हणाली. "पोरं पिंप म्हणायची. ते मी सोसलं असतं. बाबाच म्हणाला, नको जाऊस."

बायको माझ्याकडे बघत होती. तिला हे कधीच माहीत नव्हतं. पन्नास वेळा गोष्ट सांगितली, पण एवढा भाग गाळून.

मी विचारलं, "मग तू स्वतः ती गोष्ट का सांगतेस? तुझ्याच माणसांची."

"दुसरी सांगून बघितली ना. माझ्या आजीची. त्यात वादळ हाय. व्यापाऱ्यानं वादळाचं निमित्त केलं. दर्यात आसरा मागणाऱ्याला नाय म्हणायचं नाय, ही आमची रीत. म्हणून पाटलानं दार उघडलं. दारूसाठी नाय, गुरुजी. माणुसकीसाठी उघडलं, आणि त्यातच मेले." तिनं खडा उचलून पाण्यात टाकला. "वर्षभर ती सांगितली. लोक निम्म्यातनं उठून तोफेकडं फोटो काढायला जायचे. परत माझ्यासंग कुणी येईना. एक दिवस मनात आलं, गुरुजींची सांगून बघू. त्या दिवसापास्नं माणसं मला शोधत येतात."

मी तिला म्हणालो, "चुकलो मी." ती म्हणाली, "मला कशाला सांगताय? बाबा घरी हाय. माझी ही फेरी झाली की जाते. यायचं तर या."

कोळीवाडा

बायको म्हणाली, "जायचं." मला विचारलं नाही.

राजपुरीच्या कोळीवाड्यात गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. सुरेखाचं घर शेवटचं. अंगणात हिराजी पाय पसरून बसला होता, मांडीवर निळं जाळं. पंच्याहत्तरीच्या पुढचा. डोळे अधू, पण बोटं जाळ्यातली फाटकी जागा चाचपून बरोबर शोधत होती.

"बाबा, गुरुजी आलेत. शाळेतले."

त्यानं मान वर केली. "घाटावरचं मास्तर? या, बसा. उन्हाचं आलात." लगेच आत हाक देऊन चहा सांगितला. बायकोला सावलीत बसायला लावलं, नगरला पाऊसपाणी कसं आहे विचारलं. मग मासळी कशी कमी झाली, मोठ्या बोटी रात्रीतून किनारा कसा खरवडून नेतात, ते सांगत राहिला. इतकं सरळ, इतकं सोयऱ्यासारखं, की मला वाटलं हा विसरला असेल. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चहा प्यावा, नमस्कार करावा आणि उठावं, असं माझ्या मनात आलं.

पण सुरेखा उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, गुरुजींना तुमच्याशी काय तरी बोलायचं हाय."

"बोला की."

मी म्हणालो, "हिराजी, त्या सहलीत मी एक वाईट बोललो होतो. त्याची माफी मागायला आलोय."

"काय बोलला व्हता?"

तो जाळ्यातच बघत होता. मी सुरेखाकडे पाहिलं, ती माझ्याकडे बघत होती. बायकोनं कप खाली ठेवला. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी म्हणालो, "सुरेखानं विचारलं होतं, कोळी प्यायले कशावरून. मी म्हणालो होतो, पुरावा पाहिजे तर तुझ्या बापाकडं बघ."

एवढं वाक्य अंगणात बोलून झालं. हिराजीनं गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि जाळं बाजूला ठेवलं.

"तवाच ऐकलं व्हतं, मास्तर," तो म्हणाला. "पोरीदेखत परत कशाला बोललात?"

 सत्तावीस वर्षांपूर्वी सुचलं होतं तसं झटकन काही सुचलं असतं तर काय झालं असतं, देव जाणे. तो भिंतीचा आधार घेऊन उठला आणि घरात गेला. रागानं नव्हे. दुपारची वेळ झाली की म्हातारी माणसं आडवी व्हायला जातात, तसा गेला. परत बाहेर आला नाही.

सुरेखा आम्हाला सडकेपर्यंत सोडायला आली. बायकोनं तिचा हात हातात घेतला होता, मी मागून चालत होतो. एसटी यायला वेळ होता. मी तिला म्हणालो, तू आजीची गोष्ट सांगत जा. ती म्हणाली, "तुम्ही नगरला जाणार, गुरुजी. मला उद्या सकाळी परत होडीवर उभं राहायचं हाय."  बायकोनं तिला विचारलं, आमच्याकडून तुला काही हवं का?



"त्या दिवशी बाबा प्याला नव्हता, ताई," ती म्हणाली. "शाळेची पोरं न्यायची म्हणून आदल्या दिवसापास्नं थेंब घेतला नव्हता. हात थरथरत व्हते म्हणून मी सकाळी त्याच्यासंग होडीत सुकाणूला हात लावून बसले व्हते. एवढं कुणाला तरी सांगा."

एसटी आली. बायको खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर तिनं पिशवी ठेवली. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो.  

ही गोष्ट मी आता कुठे सांगत नाही. परवा भाचीच्या साखरपुड्यात पोरांनी धरलं, मामा, ती पिंपांची सांगा ना. मी डोकं दुखतंय म्हणून उठून बाहेर गेलो. तेवढंही धैर्य झालं नाही की त्या पोरांना खरं काय ते सांगावं. म्हणून इथे लिहितो आहे. राजपुरीला गेलात आणि त्या किल्ल्यात तुम्हाला कुणी हसवलं तर हसा, सुरेखाचं पोट त्यावर आहे. पण हिराजी नावाचा एक तांडेल चाळीस मुलांना घेऊन आला होता, एकूण एक मुलाला सुखरूप काठावर उतरवून गेला होता, आणि त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता.